भिंतीवर सर्टिफिकेट, काउंटरवर आपण: नव्या फार्मासिस्ट मुलींसाठी

दर उन्हाळ्यात डी.फार्मची, म्हणजे फार्मसी पदविकेची, परीक्षा आटोपलेल्या दोन-तीन मुली माझ्या मेडिकलच्या पायरीशी येऊन थांबतात. बरोबर वडील असतात, नाहीतर भाऊ. मुलगी विचारते, "मॅडम, ट्रेनिंगला घ्याल का?" ती आत जाऊन रॅक बघायला लागली, की वडील आवाज खाली आणून म्हणतात, "मॅडम, नुसतं सर्टिफिकेट कुठं लावलं तर महिन्याचे किती मिळतील?"

बार्शीत या काउंटरला मी २२ वर्षं उभी आहे. दोन्ही प्रश्नांची उत्तरं इतक्यांदा तोंडी दिली, की आता लिहूनच ठेवते. मुलींसाठी लिहितेय, म्हणून 'तू' म्हणते.

पहिली पायरी: सर्टिफिकेट भाड्यानं द्यायचं नाही

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते चुकलं की पुढच्या पायऱ्यांना अर्थ उरत नाही.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं, असं १९४८ चा फार्मसी कायदा कलम ४२ मध्ये सांगतो. ते मोडणं हा गुन्हा आहे. तरी गावोगाव काय चालतं, ते आपल्याला माहीत आहे. भिंतीवर एका मुलीचं सर्टिफिकेट, काउंटरला मालकाचा पुतण्या, आणि ती मुलगी सासरी भाकऱ्या थापतेय. महिन्याला बसल्या जागी पैसे येतात म्हणून घरचे खूश. पण त्या दुकानात चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या गेल्या, रजिस्टर कोरं सापडलं, तर औषध निरीक्षकाच्या कागदावर तुझंही नाव येतं. तू तर त्या दिवशी दुकानाच्या आसपासही नव्हतीस.

माझ्याकडे शिकून गेलेल्या एका मुलीचं लग्नानंतर असंच झालं. सर्टिफिकेट माहेरच्या गावातल्या एका दुकानात राहिलं. दोन वर्षांनी सासरच्या गावात चांगली नोकरी चालून आली, तेव्हा कळलं की हिचं नाव पहिल्या लायसन्सवर अडकलेलं आहे. मालक आज सोडतो, उद्या सोडतो म्हणत राहिला. नोकरी गेली. त्याहून जास्त लागलं ते तिचं एक वाक्य: "मॅडम, आता काउंटरला उभं राहायची भीती वाटते, सगळं विसरलेय."

म्हणून नियम साधा ठेव. जिथं आपलं नाव भिंतीवर आहे, तिथं आपण हजर असायचं. नोकरी सोडताना राजीनामा लेखी द्यायचा, त्यावर मालकाची पोच घ्यायची, आणि अन्न व औषध प्रशासनाला स्वतः कळवून लायसन्सवरचं नाव कमी करून घ्यायचं. मालकाच्या तोंडी शब्दावर हे काम सोडायचं नाही.

दुसरी पायरी: कागद

ही थोडक्यात. डी.फार्म दोन वर्षांचं, वर ५०० तासांचं प्रात्यक्षिक ट्रेनिंग, किमान तीन महिने. बी.फार्म चार वर्षांचं. मग महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी. नव्या अभ्यासक्रमाच्या डी.फार्मवाल्यांसाठी एक्झिट परीक्षेचे, म्हणजे पास झाल्यावर नोंदणीआधी द्यायच्या परीक्षेचे, नियम २०२२ साली आले. तुझ्या वर्षाला ते कसे लागू होतात, हे कौन्सिलकडूनच विचारून घे, व्हॉट्सॲपवरच्या मेसेजवर विसंबू नकोस.

मुलींना एक गोष्ट मुद्दाम सांगते. लग्नानंतर नाव बदलणार असशील तर कौन्सिलची नोंदणी, आधार आणि दुकानाच्या लायसन्सवरचं नाव एकच राहील, हे बघ. गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, आणि मधला दुवा सांगणारा कागदच नाही, अशी स्थिती मी कितीतरी मुलींची पाहिली. नाव बदलायचं नसेल तर तसंही चालतं. मी बदललेलं नाही.

तिसरी पायरी: शिकवणारं दुकान शोधणं

५०० तासांच्या फॉर्मवर कोरी सही देणारी दुकानं मिळतील. घेऊ नकोस. ते ५०० तास पुन्हा आयुष्यात मिळत नाहीत.

दुकान निवडायच्या आधी अर्धा तास बाहेर उभी राहून बघ. चिठ्ठी हातात घेऊन ती वाचणारा माणूस फार्मासिस्ट आहे का? गोळ्या देताना कुणी काही बोलतं, की पिशवीत टाकून "दोनशे चाळीस" एवढंच म्हणतात? फ्रीजमध्ये इन्सुलिनशेजारी दुधाची पिशवी दिसतेय का? आणि मुलगी म्हणून एक चौथी गोष्ट: संध्याकाळी किती वाजता सोडतात, जवळ स्वच्छतागृह आहे का? हे विचारायला लाजायचं नाही. ट्रेनिंग सोडून गेलेल्या मुली बहुतेक वेळा याच कारणांनी गेल्या, औषधांची नावं कठीण वाटली म्हणून एकही गेली नाही.

चौथी पायरी: चिठ्ठी हातात आली की

इथं थांबून सांगते, कारण आपलं सगळं काम या दोन मिनिटांत आहे.

चिठ्ठी आली की आधी नाव, वय आणि तारीख बघ. मग समोरच्याला विचार: "औषध कुणासाठी?" चिठ्ठी आणणारा आणि गोळी खाणारा वेगळा असतो, हे पहिल्या आठवड्यात लक्षात राहत नाही. बाई पेशंट असेल तर गरोदर आहे का, अंगावर पाजते का. आधीपासून कुठल्या गोळ्या चालू आहेत. एखाद्या औषधानं अंगावर पुरळ उठलं होतं का. अक्षर लागलं नाही तर डॉक्टरांना फोन. अंदाजानं औषध द्यायचं नाही, कितीही रांग असो. डॉक्टर चिडले तर एकदा चिडतील, नंतर त्यांनाच सवय होते.

लिहिलेल्या कंपनीची गोळी आपल्याकडे नसेल, तर तेच औषध दुसऱ्या कंपनीचं परस्पर बदलून द्यायचं नाही. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांतला नियम ६५ तसं करू देत नाही. फोन लावून विचारायचं, मग द्यायचं.

स्ट्रिप कापताना एक्स्पायरी आणि बॅच छापलेल्या टोकाकडून कधीच कापू नये. ते टोक शेवटपर्यंत दुकानात राहिलं पाहिजे. आणि कापून दिलेल्या चार गोळ्यांवर काहीच छापलेलं नसतं, म्हणून कागदी पाकिटावर औषधाचं नाव, एक्स्पायरी आणि कधी घ्यायची ते लिहून द्यायचं. आज्यांच्या बटव्यात अशा नाव नसलेल्या चंदेरी तुकड्यांचा ढीग असतो. कुठली बीपीची, कुठली ॲसिडिटीची, त्यांनाही सांगता येत नाही.

लहान मुलांचं पावडरचं अँटिबायोटिक असेल तर बाटली आईच्या हातात नुसती देऊ नकोस. आधी बाटली आपटून पावडर सुटी करायची. उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खाली घालायचं, झाकण लावून जोरात हलवायचं, फेस बसला की पुन्हा खुणेपर्यंत भरायचं. बनवल्याची तारीख लेबलवर पेनानं टाकायची. यातली बरीच औषधं सात दिवसांनी टाकून द्यायची असतात. ती फ्रीजच्या दारात महिनाभर राहतात आणि पुढच्या तापाला पुन्हा पाजली जातात.

थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी. लोहाची गोळी चहाबरोबर नाही, कॅल्शियमबरोबर तर नाहीच. दम्याच्या पंपाचं औषध देताना स्वतः करून दाखव: पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, दाबतानाच सावकाश आत ओढायचा, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा, आणि स्टेरॉईडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची. मग त्यांना करून दाखवायला सांग. "कळलं ना?" असं विचारलं की सगळेच "हो" म्हणतात.

आता एक माझी चूक. सांधेदुखीच्या एका बाईंना मेथोट्रेक्झेट लिहून दिलं होतं. ही गोळी सांध्यांसाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. पाकिटावर मी तसं स्वच्छ लिहिलं, "आठवड्यातून एकदा". तोंडी सांगितलं नाही, गर्दी होती. घरी सून गोळ्या द्यायची. बाकीच्या गोळ्या रोजच्या, म्हणून तिनं हीसुद्धा रोज दिली. पाचव्या दिवशी तीच सून आली, "गोळ्या संपल्या, आणि आत्याबाईंचं तोंड आलंय, पाणीसुद्धा झोंबतंय." मला काउंटरलाच घाम फुटला. गोळी तिथल्या तिथं बंद करायला सांगितली, डॉक्टरांना फोन केला, रिक्षा करून त्यांना तासाभरात दवाखान्यात पोचवलं. बाई वाचल्या. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तेव्हापासून 'आठवड्यातून एकदा' हे शब्द मी लिहीत नाही. वार लिहिते: "फक्त सोमवारी." खाली ठळक: "रोज नाही." आणि गोळी देणाऱ्या माणसाकडून तो वार माझ्यासमोर म्हणवून घेते. तूही असंच कर.

शेड्यूल एच-वन म्हणजे विकताना वेगळी नोंद ठेवायच्या औषधांची सरकारी यादी. तिचं रजिस्टर याच दोन मिनिटांत भरायचं, रात्री आठवून नाही. १ मार्च २०१४ पासून हा नियम आहे. बरीच भारी अँटिबायोटिक्स, क्षयरोगाची औषधं, काही झोपेच्या आणि सवय लागणाऱ्या गोळ्या यात येतात. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. रजिस्टर तीन वर्षं जपायचं.

आणि नाही म्हणायला शिकायचं. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणाऱ्याला "कायद्यात बसत नाही" एवढं सांगून परत पाठवलं तर तो पुढच्या दुकानात जातो. मी विचारते, "दादा, खोकला किती दिवसांचा?" दोन आठवड्यांच्या वरचा असेल तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, ती कुठल्या खिडकीला, किती वाजेपर्यंत, हे कागदावर लिहून देते. नाकारलेला माणूसही हातात काहीतरी घेऊन गेला पाहिजे.

पाचवी पायरी: दुकान रिकामं व्हायची वाट बघणाऱ्या बायका

काउंटरला बाई आहे हे कळलं की गावातल्या बायका तुला शोधत येतील. त्या लगेच बोलत नाहीत. पुरुष गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत क्रोसिनचं पाकीट उगाच हातात फिरवत उभ्या राहतात. ते ओळखायचं आणि आपणच त्यांना बाजूला घ्यायचं. माझ्या दुकानात रॅकच्या आड एक स्टूल आहे, त्यासाठीच ठेवलेलं.

तिथं काय काय विचारलं जातं! अंगावरून पांढरं जातं. पूजा आहे, पाळी पुढं ढकलायची गोळी द्या. नवऱ्याला न कळता मूल लांबवता येईल का. इमर्जन्सी गोळीबद्दल नीट माहिती असू दे: संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. तिनं राहिलेला गर्भ पडत नाही आणि ती दर आठवड्याला घ्यायची गोळी नाही. गर्भपाताचं किट ही संपूर्ण वेगळी गोष्ट आहे. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुणालाही द्यायचं नाही, रडली तरी नाही. रक्तस्राव थांबला नाही तर ती घरात एकटी असते. तिला स्टुलावर बसव, पाणी दे, आणि सरकारी दवाखान्यात कुणाकडे जायचं ते सांग. आणि ऐकलेलं त्या रॅकच्या आडच ठेवायचं. तिच्या सासूच्या गोळ्याही आपल्याकडूनच जातात.

सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घालायची पद्धत मी बंद केली. ज्या मागतात त्यांना देते. शाळकरी मुली आता तसेच घेऊन जातात.

सहावी पायरी: स्वतःचं दुकान

घाई करू नकोस, दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या काउंटरला काढ. मग किमान १० चौरस मीटर जागा हवी, म्हणजे साधारण १०८ चौरस फूट. किरकोळ विक्रीला फॉर्म २० आणि २१ ची लायसन्सं लागतात. जागेचा भाडेकरार, नकाशा, फ्रीजचं बिल आणि तुझी नोंदणी जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज करायचा. २०१७ पासून लायसन्सचं नूतनीकरण नाही, पण दर पाच वर्षांनी शुल्क भरून ते चालू ठेवावं लागतं. ती तारीख विसरलीस तर दुकान बंद पडू शकतं.

पैशांचं खरं सांगते. सरकारनं किंमत बांधलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के मार्जिन आहे, बाकीच्यांवर व्यापारात साधारण २० टक्के धरतात. त्यातून भाडं, वीज, पगार, एक्स्पायरी आणि उधारी. समोरच्या दुकानानं सवलतीचा बोर्ड लावला म्हणून आपण लावायचा नाही. सुरुवातीला माल कमी भरायचा, स्टॉकिस्टच्या, म्हणजे घाऊक विक्रेत्याच्या, स्कीमला भुलायचं नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पुढच्या तीन महिन्यांत मुदत संपणारा माल बाजूला काढायचा, आणि मुदत संपलेला माल 'विक्रीसाठी नाही' असं लिहिलेल्या खोक्यात. उधारीची वही मात्र नवऱ्याकडे किंवा सासऱ्यांकडे देऊ नकोस. दुकान तुझ्या नावावर असेल तर बँकेचं खातंही तुझ्याच सहीनं चालू दे.

सातवी पायरी: दुसरीला शिकवणं

पाच वर्षं झाली की तुझ्याही पायरीशी मुली येतील. एका वेळी एकच घे.

मी अशी शिकवते. पहिले पंधरा दिवस फक्त रॅक: माल लावायचा, एक्स्पायरी बघायची, नावं सारखी वाटणारी औषधं शेजारी ठेवायची नाहीत. पुढचा महिना चिठ्ठ्या वाचायच्या, पण औषध काढायचं आणि माझ्या हातात द्यायचं. मग माझ्या नजरेसमोर तिनं पेशंटशी बोलायचं, मी मधे तोंड घालायचं नाही. हे मला फार जड गेलं. तिसऱ्या मुलीपर्यंत मी मधेच बोलायचे, आणि पेशंट माझ्याकडे वळला की ती गप्प व्हायची.

दुकानात एक दोनशे पानी वही आहे. त्यात रोज रात्री 'आज काय चुकलं' ते लिहायचं, माझं आणि तिचं. नाव लिहायचं नाही, फक्त चूक. मेथोट्रेक्झेटची गोष्ट त्या वहीच्या पहिल्या पानावर आहे, नवीन मुलीला ती सगळ्यात आधी वाचायला देते. ट्रेनिंगच्या काळात थोडेफार पैसेही दे. एसटीच्या भाड्यापुरते असले तरी घरचे "फुकट राबतेस" म्हणायचे थांबतात. आणि तास भरले नसतील तर सही करू नकोस, ओळखीतली असली तरी.

आठवी पायरी: गावासाठी

एका दिवसाचं मोठं शिबिर, हार, फोटो, आणि नंतर वर्षभर काही नाही, यात माझं मन रमत नाही. लहान काम निवड आणि ते नेमानं कर.

दर गुरुवारी दुपारी दोन ते चार मी बीपी मोजते, मोफत. माणसाला आधी पाच मिनिटं बसवायचं, बाही वर सारायची, चहा-तंबाखू होऊन अर्धा तास गेलेला हवा. आकडा कार्डावर लिहून कार्ड त्यालाच द्यायचं, म्हणजे डॉक्टरांना दाखवता येतं.

उन्हाळ्यात आमच्याकडे वीज जाते, आणि इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. बर्फाच्या कप्प्यात ठेवून गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही, हे आधी सांगायचं. ज्यांच्या घरी फ्रीज नाही त्यांना मडक्याची युक्ती: मोठ्या मडक्यात वाळू, तिच्यात लहान मडकं, वाळू दिवसातून दोनदा ओली करायची, बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून आतल्या मडक्यात, वर ओलं फडकं. सावलीत, वारा लागेल अशा जागी. फ्रीजइतकं गार होत नाही, पण पत्र्याच्या घरातल्या फळीपेक्षा कितीतरी बरं. चालू असलेली बाटली त्यात साधारण चार आठवडे चालते.

क्षयरोगाच्या पेशंटची औषधं मधेच सुटतात, तिथं आपण उपयोगी पडतो. उल्हासनगरच्या प्रा. मंजिरी घरत यांनी इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनमार्फत मुंबई परिसरातल्या फार्मासिस्टना या कामाला जोडलं. फार्मासिस्ट काय करू शकतो हे मला त्यातून समजलं. औषधानं काही विपरीत झालं तर नोंद करायला १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. आपल्या मोबाईलमध्ये ठेव आणि वापर. वर्षानुवर्षं काउंटरला राहून एकही नोंद न केलेले फार्मासिस्ट मी पाहिलेत.

आणि आषाढात वारी. मराठवाड्यातून पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्या आमच्या भागातून जातात. तेव्हा आम्ही तिघी-चौघी फार्मासिस्ट आणि एक डॉक्टर रस्त्याकडेला टेबल टाकतो. डॉक्टर हवाच, चिठ्ठीची औषधं वाटायचा अधिकार आपल्याला नाही. ओआरएसची एक लिटरची पुडी नुसती देऊ नकोस, माणसं ती पेलाभर पाण्यात घालून पितात. तिथंच लिटरच्या बाटलीत कालवून दे. मधुमेह असलेल्या वारकऱ्याचे तळवे बघ, फोड आलेला त्यांना कळतही नाही. गोळी-इन्सुलिन घेऊन उपाशी चालणारे असतात, त्यांच्यासाठी साखर जवळ ठेव. अंगदुखीची गोळी मागणाऱ्या प्रत्येक माउलीला आधी विचार: बीपीची, किडनीची, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? गर्दी ढकलत असते, तरी विचार.

दिंडी पुढं गेली की उरलेला माल मोजायचा. उन्हात तापलेली आणि कापलेली पाकिटं रॅकवर परत ठेवायची नाहीत, नष्ट करायच्या खोक्यात टाकायची. रस्त्यावर पडलेल्या रिकाम्या पुड्या आणि बाटल्या आपणच गोळा करायच्या, आणि गाडीत बसायच्या आधी वहीत लिहायचं, कुठली गोष्ट कमी पडली. गेल्या वर्षी पायाला बांधायच्या पट्ट्या संपल्या होत्या.